कार्डावरचं उत्तर

"पाकीट नीट चिकटवलंस ना?" डॉक्टर बोधनकरांनी विचारलं.

"हो काका."

"आत आधार लिहिलास? पुस्तक, आवृत्ती, पान? छापील आधार नसला तर पाथरीकर सर कार्ड हातात धरत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"सगळं लिहिलंय."

डॉक्टरांनी पाकिटावरचं माझं नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोळंक्यांची ना तू? धाकटी?"

"धाकटी. हर्षदा."

"थोरली पण यायची पूर्वी. फार हुशार पोरगी. नंतर दिसलीच नाही."

"आज येणार आहे," मी म्हणाले. ताई येईल याची मला खात्री नव्हती, पण तसं म्हणून टाकलं.

त्यांनी पाकीट इतर स्पर्धकांच्या पाकिटांत ठेवून ड्रॉवर बंद केला. "जिंकलीस तर उघडू. नाहीतर न बघता फाडून टाकायचं, हा नियम."

आमचं गाव परभणीपासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा वर्धापनदिन सतरा मेला असतो आणि त्या दिवशी सामान्यज्ञान स्पर्धा होते. उन्हाळ्यात गावात दुसरं काही नसतं, त्यामुळे तिला लग्नासारखी गर्दी होते. स्पर्धेचं सगळं पाथरीकर सरांच्या हातात. त्यांचा क्लास होता. त्यांचं 'पाथरीकर सामान्यज्ञान' हे पुस्तक तलाठ्याच्या परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत सगळ्यांच्या उशाशी असायचं. स्टेजवर त्यांच्यापुढे पितळी घंटा असायची. ती एकदा वाजली की पंख्यांशिवाय दुसरा आवाज येत नसे. आणि त्यांचं एक वाक्य अख्ख्या गावाला पाठ होतं: "कार्डावरचं उत्तर, तेच उत्तर. अपील नाही." चहाच्या टपरीवर पैज लागली तरी लोक शेवटी हेच म्हणायचे.

खुल्या गटात जो जिंकेल, त्याला शेवटी सरांना एक प्रश्न विचारता यायचा. त्याला 'उलटा प्रश्न' म्हणत. उत्तराचं कार्ड आधीच वाचनालयाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे डॉक्टर बोधनकरांकडे, बंद पाकिटात द्यायचं. एका वर्षी कुणीतरी सरांचं उत्तर ऐकून आपलं उत्तर फिरवलं होतं, तेव्हापासून सरांनीच हा नियम केला. सरांचं उत्तर कार्डाशी जुळलं नाही तर त्यांनी घंटा विचारणाऱ्याला द्यायची आणि पुढच्या वर्षी त्या खुर्चीत बसायचं नाही. असं कधी झालं नव्हतं.

मला ती घंटा हवी होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी ताईच्या दुकानात गेले होते. कांचनताईचं लग्न गावातच झालं. सिमेंट आणि लोखंडाचं दुकान आहे त्यांचं. दाजी ट्रकवर असले की गल्ल्यावर ताई बसते. तिच्या केसांवर, भुवयांवर बारीक करडी धूळ होती.

"कशाला जायलीस तिथं?" ती म्हणाली. "एम.एस्सी. झालीस, आता तरी त्या पोरखेळातनं बाहेर पड."

"उलटा प्रश्न विचारायचाय."

"कोणता?"

"तोच."

ताईनं हातातलं बिल खाली ठेवलं. "येडी आहेस का? त्यांना आता उत्तर येतंय त्याचं. तूच म्हणालीस ना, पुस्तकात बदललंय म्हणून?"

"येतंय म्हणूनच."

"म्हणजे ते बरोबर सांगणार, टाळ्या घेणार, घंटा घेऊन घरी जाणार. अन् मी तिथं बसून काय करू? मी पण टाळ्या वाजवू?"

"तू फक्त ये. मागं बस वाटलं तर. दारापाशी."

"नाही जमणार."

"ताई, एकदाच."

गिऱ्हाईक आलं, तिनं सळईचा भाव सांगितला, आणि मी निघाले.

'तोच प्रश्न' म्हणजे काय, ते सांगायला हवं. ताई बारावीत होती तेव्हा कुमार गटाच्या अंतिम फेरीत पोचली होती. तिला फिजिक्स शिकायचं होतं, औरंगाबादला जायचं होतं. पप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत्याकडे कामाला होते, मुलीला बाहेर ठेवायला राजी नव्हते. आईनं फार लावून धरलं तेव्हा म्हणाले, "बरं. वाचनालयाची ढाल घरी आण. आणलीस तर औरंगाबाद. नाहीतर इथलं कॉलेज काय वाईट आहे?" पप्पा दिलेल्या शब्दाला जागणारे होते. दोन्ही बाजूंनी.

बरोबरी झाली आणि निकालाचा प्रश्न आला. मी पप्पांच्या शेजारी बसले होते, सातवीत होते. सरांनी कार्ड उचललं.

"आपल्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?"

मी खुर्चीतच उडाले. हे उत्तर तर मलाही येत होतं! दोन उन्हाळे ताई गच्चीवरच्या उभ्या सळईची दुपारची सावली मोजत होती आणि तिच्या टोकाशी खूण करायला खडू घेऊन मी उन्हात बसत होते.

"वर्षातून दोनदा, सर," ताई म्हणाली. "एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी."

"चूक. एकवीस जून."

"सर, एकवीस जूनला तो कर्कवृत्तावर असतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. तो वर जाताना एकदा आपल्या डोक्यावरून जातो आणि परत येताना पुन्हा एकदा."

"कार्डावर काय आहे?"

"कार्ड चूक आहे, सर." ती उभी राहिली होती. "बाहेर चला ना. आजच आहे तो दिवस. आणखी थोड्या वेळानं ध्वजस्तंभाची सावली नाहीशी होईल, मी दाखवते."

सरांनी सभागृहाकडे पाहिलं आणि हसले. "बाळ, मे महिना आहे. उन्हात फार फिरू नये. ऊन लागलंय तुला."

सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले हसले, बायका पदर तोंडाशी धरून हसल्या, तिच्या वर्गातल्या मुली हसल्या. घंटा सरांच्या हातात होती. ते ती धरून बसले आणि लोकांचं हसून होईपर्यंत थांबले. मग वाजवली आणि ढाल दुसऱ्या मुलाला दिली.

ध्वजस्तंभ दारापासून हाकेच्या अंतरावर होता. बाहेर कुणी गेलं नाही.

जेवताना पप्पा एवढंच म्हणाले, "फॉर्म इथल्या कॉलेजचा आण." ताईनं आणला. कॉलेजात फिजिक्स नव्हतं, तिनं इतिहास घेतला. तिथं तिला पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "काय सोळंके, ऊन लागलं का?" ते वाक्य तिला चिकटलं ते चिकटलंच. लग्नात दाजींच्या एका मित्रानं हार घालताना म्हटलं. ताई हसली होती. फोटोत दिसतं तिचं ते हसू.

माझ्या वेळी ती माहेरी आली, पप्पांच्या समोर बसली आणि म्हणाली, "हिला ढाल-बिल आणायला लावू नका. हिला जाऊ द्या." मी गेले. औरंगाबादला फिजिक्स शिकताना मी एक गोष्ट शिकले. आपली चूक निघाली तर ती छापून सांगायची असते, नुसती खोडायची नसते.

एम.एस्सी.ची परीक्षा देऊन मी घरी आले आणि बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर 'पाथरीकर सामान्यज्ञान'ची नवी आवृत्ती दिसली. सवयीनं भूगोलाचं ते पान काढलं. तिथं लिहिलं होतं: वर्षातून दोनदा, मे व जुलै.

मी मागच्या आवृत्त्या शोधल्या. वाचनालयातच होत्या. तिसऱ्या आवृत्तीत एकवीस जून. चौथीत दोनदा. चौथी आवृत्ती ताईच्या स्पर्धेनंतर पुढच्याच वर्षी निघाली होती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांनी पुस्तक दुरुस्त केलं आणि ताईला मात्र सांगितलं नाही. बरं, विसरले असतील म्हणावं, तर तसंही नव्हतं. क्लासचा वरचा मजला बांधायला त्यांनी सिमेंट ताईच्याच दुकानातून नेलं. पोती मोजून घेताना म्हणाले होते, "काय कांचन, आता नाही ना ऊन लागत?" हे ताईनंच मला हसत सांगितलं होतं, काही वर्षांपूर्वी. तेव्हा मीही हसले होते. आता तारीख जुळवून पाहिली. मजला चढला तो चौथ्या आवृत्तीनंतर.

त्या दुपारी मी कार्ड लिहायला बसले.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. खुल्या गटात शेवटी मी आणि गजानन नावाचा एक तलाठी, असे दोघे उरलो. नुकताच नोकरीला लागलेला, सरांचाच विद्यार्थी, सरांचं पुस्तक पाठ असलेला. तो घंटीसारखी खणखणीत उत्तरं देत होता.

"हिमोग्लोबिनमधला धातू?"

"लोह!"

"अस्पृश्यता नष्ट करणारं घटनेचं कलम?"

"सतरा!"

"खाशाबा जाधवांना पदक मिळालं ते ऑलिंपिक?"

"हेलसिंकी," मी म्हणाले, तो तोंड उघडायच्या आत. त्यानं कपाळावर हात मारला. सभागृह खूश झालं.

बरोबरी झाली. माझी नजर मागच्या दाराकडे जात होती. दारातली खुर्ची रिकामी होती.

"लोणारचं विवर कोणत्या खडकात आहे?"

"ग्रॅनाइट," गजानन म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

"बेसाल्ट," मी म्हणाले.

टाळ्या झाल्या. गजाननानं हात मिळवला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, उलट्या प्रश्नात सरांना जरा सांभाळून घ्या." त्याच वेळी दारातल्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं होतं. दुकानातून तशीच उठून आली होती. केसांवर धूळ होती.

"हं, विचार बाळ," सर खुर्चीत मागे रेलले. "क्वांटम-बिंटम काढू नकोस हं. सामान्य ज्ञान आहे हे."

लोक हसले. मी माईक हातात घेतला. तेच शब्द, त्याच क्रमानं म्हणाले.

"आपल्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काहीतरी हलेल, एखादी पापणी लवेल, असं मला वाटलं होतं. काही हललं नाही. उलट ते खुलले.

"सोपा विचारलास गं! पण चांगला विचारलास." ते उठून उभेच राहिले. "पुष्कळांना वाटतं एकवीस जून. साफ चूक. एकवीस जूनला सूर्य कर्कवृत्तावर असतो आणि आपण आहोत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणजे तो आपल्या डोक्यावरून जाताना एकदा जातो, येताना पुन्हा एकदा. तेव्हा वर्षातून दोनदा. मे महिन्यात आणि जुलैच्या शेवटी. आणि गंमत बघा, आज सतरा मे. म्हणजे आजच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईच्याच युक्तिवादाला, जवळजवळ ताईच्याच शब्दांना. ताई मांडीवर हात ठेवून बसली होती.

"उघडा कार्ड, डॉक्टर," सर म्हणाले आणि घंटेवर हात ठेवून बसले.

डॉक्टरांनी पाकीट फाडलं. कार्ड वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"कार्डावर..." डॉक्टर म्हणाले, "कार्डावर एकवीस जून आहे."

"काय?"

"एकवीस जून. आधार, पाथरीकर सामान्यज्ञान, तिसरी आवृत्ती. पानाचा नंबर आहे." त्यांनी आधार तपासायला टेबलावर ठेवलेल्या वाचनालयाच्या पुस्तकांतून ती आवृत्ती काढली, पान उघडलं आणि मान हलवली. "आहे. छापलंय."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर माझ्याकडे बघत होते.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"कार्डावरचं उत्तर, तेच उत्तर, सर."

"अगं पण कार्डच चूक आहे! तू फिजिक्सची मुलगी आहेस, तुला माहीत आहे ते चूक आहे!"

"अपील नाही, सर."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सरांचा हात घंटेवर होता, पण ती वाजवायचं त्यांना सुचलं नाही.

ते 'एकवीस जून' म्हणाले असते तर घंटा त्यांच्याकडेच राहिली असती. मग मी त्यांना सगळ्यांसमोर बाहेर घेऊन गेले असते. मी काय लिहायचं ते नीट ठरवलं होतं. दोन्ही वाटा शेवटी अंगणातल्या ध्वजस्तंभापाशीच जात होत्या.

"सर," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "नियम तुमचाच आहे." त्यांनी सरांच्या हाताखालून घंटा हलकेच काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. अपेक्षेपेक्षा जड होती. वाजू नये म्हणून मी लोलक बोटांत धरला.

"हा अन्याय आहे," सर म्हणाले. आवाज चढला होता. "बरोबर उत्तर देऊन मी हरतो? बाहेर चला. सगळे चला. आत्ता दाखवतो. ध्वजस्तंभाची सावली..."

ते स्टेजवरून उतरले आणि तरातरा दाराकडे निघाले. दारात ताई उभी राहिली होती, वाट द्यायला. ते तिच्यापाशी थबकले आणि मग तिचाच दंड धरल्यासारखा हात पुढे करून सभागृहाकडे वळले.

"हिला विचारा! हिला माहीत आहे. ही तेव्हाच म्हणाली होती की कार्ड..."

आणि गप्प झाले.

पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "कोण ही?" शेजारचा म्हणाला, "ती नाही का, सोळंक्यांची. ऊन लागलेली." म्हणताना त्याची जीभ मध्येच अडखळली. मग ते दोघंही ताईकडे बघत राहिले. हळूहळू सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

सर झटक्यात बाहेर गेले.

आम्ही सगळे मागोमाग व्हरांड्यात आलो. अंगणात पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं, फरशी तव्यासारखी तापली होती. सर एकटेच ध्वजस्तंभापाशी जाऊन उभे राहिले, टोपी नाही, रुमाल नाही. आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, त्यानंतर वीसएक मिनिटांनी. देशाची घड्याळं आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर चालतात. सर लवकर गेले होते. खांबाच्या बुडाशी सावलीचा एक बोटभर तुकडा अजून होता.

"सावली आहे की, सर!" व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं.

"जाईल! थांबा जरा!"

ते थांबले. घाम त्यांच्या कानांवरून शर्टात उतरत होता. पांढरा शर्ट पाठीला चिकटला. कुणी त्यांना या म्हणालं नाही, पाणी नेलं नाही. गजानन एकदा पुढे सरकला आणि पुन्हा मागे आला. मी घंटा धरून उभी होते आणि तो बोटभर तुकडा आत सरकताना बघत होते. शेवटी तो खांबात शिरला. खांब नुसता जमिनीतून उगवल्यासारखा दिसत होता. सरांची सावली त्यांच्या पायांखाली गोळा झाली होती, बुटांच्या बाहेर जेमतेम दिसत होती.

"बघा!" ते ओरडले. आवाज फाटला. "बघा, नाही सावली! बरोबर होतं! बरोबर होतं ते!"

"काय बरोबर होतं, सर?" मी व्हरांड्यातून विचारलं. "कुणाचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचं, सर?"

"...हिचं," ते म्हणाले. हात ताईकडे केला. "कांचनचं."

ताई पायऱ्या उतरली. चपला व्हरांड्यातच राहिल्या होत्या, तरी ती सावकाश चालत गेली. ध्वजस्तंभापाशी थांबली. खाली वाकली आणि खांबाच्या बुडाशी, जिथं सावली हवी होती तिथं, तळहात टेकवून पाहिला, गच्चीवर करायची तसा. मग उभी राहिली आणि सरांकडे वळली. आवाज तिनं चढवला नाही, पण दुपार इतकी गप्प होती की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"सर, मे महिना आहे. चला आत. ऊन लागेल तुम्हाला."

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. मग पुढच्या रांगेतले ते म्हातारे गृहस्थ, मग बायका पदर तोंडाशी धरून, मग सगळेच. सर खांबापाशी उभे होते, बुटांखाली सावली धरून, आणि हसणं थांबत नव्हतं.

घंटा माझ्या हातात होती. मी ती वाजवली नाही.